तिसऱ्या डिस्कवरचं कुंकू

सोमवारी सकाळी हेमा आगाशे कामावर पोचली तेव्हा डॉक्टर तपासणीच्या खोल्या सोडून पॅसेजमध्ये उभे होते. या केंद्रात डॉक्टर रिकामे उभे दिसले की त्याचा एकच अर्थ असतो. सर्व्हर बसला.

"मॅडम, पेशंटचं नाव टाकलं की नुसतं गोल गोल फिरतंय," त्यातला एकजण म्हणाला.

"बघते," म्हणत ती तशीच, हेल्मेट हातात धरून, आतल्या खोलीकडे गेली.

हे केंद्र येरवड्यात आहे आणि लहान मुलांची हृदयं तपासतं. ट्रस्टचं काम, त्यामुळे दारातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं ठसठशीत आणि आतले पंखे कुरकुरणारे. मुलाच्या छातीवर यंत्र फिरवलं की पडद्यावर त्याचं चालतं हृदय दिसतं. त्याला इको म्हणतात. प्रत्येक इकोचं चित्रण सर्व्हरवर साठवलं जातं आणि तो सर्व्हर सांभाळणं हे हेमाचं काम. धायरीहून रोज स्कूटरवर येऊन ती ते काम दहाएक वर्षं करत होती आणि चांगलं करत होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिला काम येत नव्हतं म्हणून झालं नाही.

त्या सकाळी तिच्या डोक्यात एकच नाव होतं. मैत्री. वय वर्षं नऊ, जन्मापासून हृदयाची एक झडप गळकी. तिची आई नंदा वाशीमकडची, नवऱ्याबरोबर हडपसरला आलेली, तिथल्याच एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला. मैत्री तान्ही असल्यापासून दर सहा महिन्यांनी तिचा इको याच केंद्रात होत आलेला. आता ऑपरेशनचा विषय निघाला होता आणि डॉ. वैष्णवी मोघे या सर्जनबाईंनी नंदाला स्वच्छ सांगितलं होतं. गळती वाढत चालली असेल तर आत्ताच झडप बदलायची. पण ती वर्षानुवर्षं तेवढीच असेल तर थांबायचं, मुलगी मोठी होऊ द्यायची. कारण कृत्रिम झडप मुलीबरोबर वाढत नाही. आत्ता छोटी बसवली तर काही वर्षांनी छाती पुन्हा उघडावी लागणार. गळती वाढली की नाही, हे जुनी चित्रणं शेजारी शेजारी लावून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. कागदावरचे आकडे होते, पण ते सहा वेगवेगळ्या डॉक्टरांनी सहा तऱ्हांनी मोजलेले. सर्जनबाईंचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

शनिवारी दुपारी नंदाचा फोन आला होता. "मॅडम, मैत्रीचे जुने व्हिडिओ पाहिजेत जी. मोठ्या डॉक्टरीणबाईनं मागितले."

"सोमवारी काढून ठेवते," हेमा म्हणाली होती.

खोलीत शिरून तिनं दिवे बघितले. म्हणजे, बघायचा प्रयत्न केला.

सर्व्हर म्हणजे कपाटात आडवं बसवलेलं लोखंडी खोकं. पुढच्या बाजूला आठ डिस्कांची रांग, प्रत्येकीच्या कडेला तांदळाएवढा दिवा. हिरवा लुकलुकला की डिस्क बरी, केशरी झाला की डिस्क गेली. कोपऱ्यात जरा मोठा एक दिवा असतो, तो सगळ्या मशीनची तब्येत सांगतो. आठांतली एक डिस्क गेली तर उरलेल्या सात तिचं काम ओढून नेतात, काही बुडत नाही. फक्त मेलेली काढून नवी बसवायची. ती बसवायच्या आत दुसरी गेली, तर सगळंच गेलं. शास्त्र एवढंच आहे. शाळकरी पोराला कळेल.

आणि त्या नऊही दिव्यांवर कुंकू होतं. वाळलेलं, खपली धरलेलं, तिसऱ्यावर तर अक्षतेचा दाणाही चिकटलेला.

हेमानं खिशातला रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीत बुडवला आणि पुसायला लागली. कोपऱ्यातला मोठा दिवा उघडा झाला. केशरी. पहिली डिस्क हिरवी. दुसरी हिरवी. तिसरीवरची खपली नखानं काढावी लागली. खाली दिवा स्थिर केशरी पेटलेला. चौथी हिरवी, पाचवी हिरवी. सहावी केशरी.

तिनं रुमाल बाजूला ठेवला. मग मॉनिटर जोडून मशीननं स्वतः लिहून ठेवलेले मेसेज उघडले. मशीन शून्यापासून मोजतं, त्यामुळे तिसऱ्या डिस्कला ते दोन म्हणतं, आणि आठही मिळून होणाऱ्या एका साठ्याला व्हर्च्युअल डिस्क. सगळ्यात वरचा मेसेज कालच्या रविवारचा होता: फिजिकल डिस्क ५ फेल्ड. व्हर्च्युअल डिस्क ऑफलाइन. त्याच्या खाली: फिजिकल डिस्क २ फेल्ड. व्हर्च्युअल डिस्क डिग्रेडेड. त्याच्यापुढची तारीख तिनं वाचली आणि पुन्हा वाचली. दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली. दिवाळी होऊन गेली, तुळशीची लग्नं झाली, आणि एवढे सगळे दिवस तिसरी डिस्क मेलेली होती. मशीन केशरी दिवा पेटवून ते ओरडून सांगत होतं आणि त्याच्या तोंडावर कुंकू थापलेलं होतं.

कुणी म्हणेल, दिवा एक झाकला तर काय झालं, मशीन इतर रस्त्यांनीही सांगतं की. सांगतं. बीप वाजवतं. पण ती बीप उन्हाळ्यात बंद करायला लावली होती, शेजारच्या खोलीत ट्रस्टींच्या बैठकांना त्रास होतो म्हणून. ईमेलही पाठवतं. ते ईमेल देखभालीच्या कंपनीकडे जायचे, तो करार काटकसरीत गेला, आणि नवा पत्ता टाकायचं हेमाच्या मनात होतं. मनातच होतं. तिचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर होता. रोज सकाळी खोलीत जायचं, नऊ दिवे बघायचे, मग चहा. दहा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

नंतर लोकांनी विचारलं तेव्हा पूर्णिमा म्हणाली, "मी दरवर्षीच लावते." तेही खोटं नव्हतं.

पूर्णिमा अकाउंट्स बघायची. खंडेनवमीची पूजा तिच्याकडे असायची आणि ती मनापासून करायची. इकोची यंत्रं, झेरॉक्स, जनरेटर, अगदी स्टेपलरलासुद्धा हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सर्व्हर मात्र आधी जाळीच्या दारामागे असायचा, त्यामुळे दरवर्षी कुंकू दाराला लागायचं. यंदा ते दार बिजागरीतून निखळलं होतं आणि भिंतीला टेकवून ठेवलं होतं. समोर उघडा सर्व्हर. पूर्णिमानं कुंकू पाण्यात कालवून घट्ट केलं होतं. आठ डिस्का, आठ ठिपक्यांएवढ्या जागा, जणू कपाळंच. तिचं बोट आपसूक तिथंच गेलं.

हेमा दारात उभी होती. तिचा नवरा आमोद जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून पूजा असली की ती दारात उभी राहायची. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हीच तर या गावाची सभ्यता.

"पूर्णिमा, दिव्यांवर नको लावूस गं," ती दारातून म्हणाली. "बाजूच्या पट्टीवर लाव."

"अगं, लागलं बघ."

हेमा आत आली, टेबलावरचं फडकं उचललं आणि सर्व्हरकडे गेली. पूर्णिमानं तिचं मनगट धरलं. हळूच धरलं, मायेनं धरलं, म्हणूनच ते हेमाला सोडवता आलं नाही.

"तू नको पुसूस. म्हणजे... बरं दिसत नाही ना गं. सणाचं आहे."

खोलीत दहाबारा माणसं होती. डॉक्टर होते, परदेशात शिकून आलेले दोघे होते. कुणी काही बोललं नाही. मग बोलले ते श्रीनिवास खाजगीवाले, केंद्राचे प्रशासन अधिकारी, बँकेतून निवृत्त होऊन इथे साहेब झालेले.

"राहू द्या हो, आगाशेबाई," ते आरतीचं ताट सावरत म्हणाले. "मशीनचं तरी राहू द्या."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. मग पेढे वाटले गेले. हेमालाही मिळाला. तिनं तो खाल्लाही.

इथपर्यंत दोष वाटायला सोपा आहे. पुढचं अवघड आहे.

पूजा संपली, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्यानंतरच्या सकाळी हेमा एकटी त्या खोलीत गेली. दार ओढून घेतलं. पूर्णिमा नाही, खाजगीवाले नाहीत, पेढे नाहीत. फडकं तिथंच टेबलावर होतं. दोन मिनिटांचं काम. तिनं फडकं उचललं आणि मशीनसमोर उभी राहिली, आणि हात पुढे जाईना.

तिच्या डोळ्यांसमोर मशीन नव्हतं. धायरीतल्या घराचा हॉल होता, आमोदचा दहावा होता, आणि तिच्या चुलत सासूबाई पदराचं टोक ओलं करून तिच्यासमोर बसल्या होत्या. "आता कुणी हे मानत नाही गं," त्या म्हणत होत्या, "पण एकदा करून टाकू म्हणजे कुणाचं बोलणं नको. जरा तोंड वर कर." आणि हेमानं, जी संगणकातली पदविका घेतलेली बाई, जी सर्व्हर उघडून पुन्हा जोडणारी बाई, तिनं तोंड वर केलं होतं. मुकाट्यानं. सासूबाईंनी दोनदा पुसलं, कारण पहिल्यांदा थोडं राहिलं होतं.

त्या दिवशी तिनं नको म्हणायला हवं होतं, हे तिला नंतर रोज वाटायचं. रोज वाटणं आणि एकदा म्हणणं यात जेवढं अंतर असतं, तेवढ्या अंतरावर ती आता फडकं घेऊन उभी होती. ते मशीन आहे, हे तिला कळत होतं. ते कुंकू म्हणजे रंगवलेली हळद आहे, हेही कळत होतं. कळून हात हलतो असं थोडंच आहे. तिनं फडकं जागेवर ठेवलं.

मग तिनं एक तोडगा काढला. कुंकू दिव्यांना पुरतं झाकत नव्हतं. ठिपक्याच्या कडेनं हिरवी लुकलुक बारीक का होईना दिसायची. मान तिरकी करून, अगदी जवळ जाऊन बघितलं की समजायचं. ती रोज सकाळी तशी मान तिरकी करून बघायला लागली. आठही ठिपक्यांच्या कडा लुकलुकायच्या. कोपऱ्यातल्या मोठ्या दिव्यावर मात्र पूर्णिमानं अंगठ्यानं लेप दिला होता, तिथून काहीच दिसत नव्हतं. तो सोडून दिला.

आणि एका सकाळी तिसऱ्या ठिपक्याच्या कडेला लुकलुक दिसली नाही.

तिला हे दिसलं होतं. इथेच सगळं आहे. दिसलं नव्हतं असं नाही. ती वाकली, डोळे बारीक केले, आणि स्वतःशी म्हणाली, इथला लेप जाड आहे, अक्षत चिकटलीय. बाकीच्या सात चांगल्या दिसताहेत. मग तिनं चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही तिसरीची लुकलुक दिसली नाही, पण आता तिच्याकडे कारण तयार होतं. माणसाला एकदा कारण सापडलं की तो त्याच्यावर घर बांधतो. त्या घरात ती तुळशीच्या लग्नापर्यंत राहिली.

सोमवारी दुपारी खाजगीवाल्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. पूर्णिमा होती, केंद्राचे मुख्य डॉक्टर होते.

"जुनं सगळं गेलं?" मुख्य डॉक्टरांनी विचारलं.

"गेल्या वर्षाचं दुसऱ्या मशीनवर आहे. त्याआधीचं फक्त इथेच होतं," हेमा म्हणाली. "दुसरीकडे ठेवायला जागा मागितली होती. जुनं कोण बघतंय, असं उत्तर आलं होतं."

खाजगीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "ते उत्तर माझं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नाव घ्यायला हरकत नव्हती. आता बिघाड कशामुळे, ते सांगा. ट्रस्टींना कळवायचंय."

"दोन डिस्क गेल्या. पहिली गेली तेव्हाच बदलली असती तर काहीच झालं नसतं. ती गेलेली कळली नाही, कारण दिव्यावर कुंकू होतं."



"म्हणजे माझ्यामुळे?" पूर्णिमाचा आवाज फुटला. "मी देवाचं केलं ते..."

"तसं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस? डॉक्टर, मी इतकी वर्षं करते. आजपर्यंत कुणाला बाधलं नाही."

"पूर्णिमाबाई, डोळे पुसा," खाजगीवाले म्हणाले आणि हेमाकडे वळले. "आगाशेबाई, देवाधर्माला यात ओढू नका. तुम्ही तज्ज्ञ. दिवा झाकलाय हे तुम्हाला दिसत होतं. तुम्ही पुसायचं होतं."

"तुम्ही म्हणालात, राहू द्या."

"मी गंमत केली."

"हो. सगळ्यांसमोर केलीत."

"केली. वाईट केली असं म्हणा हवं तर, माफी मागतो. पण गमतीवर दवाखाना चालवता का तुम्ही? मी उद्या गमतीत म्हटलं, ऑक्सिजन बंद करा, तर कराल?"

हेमाला या माणसाच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. टेबलावर पेपरवेट होता. पण त्यातली चीड आणणारी गोष्ट अशी होती, की तो बरोबर बोलत होता. जो माणूस बाईला सगळ्यांदेखत विधवा म्हणून जागेवर बसवतो, तोच माणूस नंतर तिला विचारतो, तू उठली का नाहीस. आणि प्रश्न खरा असतो. ही अशी माणसं कायम खरे प्रश्न विचारत पुढे जातात, आणि उत्तर देणारीच्या तोंडात नुसती माती.

"तांत्रिक बिघाड असं कळवतो," खाजगीवाले म्हणाले. "कुणाचं नाव नको. तुमचंही नको."

"माझं घाला," हेमा म्हणाली.

"कशाला उगीच," मुख्य डॉक्टर म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

नाव घातलं नाही. डिस्का बेंगळुरूच्या एका कंपनीकडे पाठवल्या. ते लोक मेलेल्या डिस्का उघडून आतलं काढून देतात. हेमा रोज त्यांना फोन करायची. तिकडचा पोरगा इंग्रजीत सांगायचा, ट्राय करतोय मॅडम. दरम्यान नंदाचे फोन यायचे. पहिल्यांदा हेमा म्हणाली, मशीन बंद आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, दुरुस्तीला गेलंय. तिसऱ्यांदा फोन वाजत राहिला आणि तिनं तो वाजू दिला.

बेंगळुरूहून जे आलं ते असं. फोल्डर आले, नावं आली. "मैत्री" हेही नाव आलं, प्रत्येक तपासणीच्या तारखेचं वेगळं फोल्डर. हेमानं एकेक उघडलं. काही फायली उघडल्याच नाहीत. काहींत पडदा करडा, वरच्या कोपऱ्यात मुलीचं नाव आणि वजन, आणि मधे जिथं हृदय धडधडायला हवं तिथं आडव्या पट्ट्या. एका फाइलीत अर्धा सेकंद झडप हलली. एकदा उघडली, आणि बंद होताना पट्ट्यांत गेली.

मैत्रीला ही चित्रणं आवडायची. तपासणी झाली की ती हेमाच्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "काकू, मी छोटी असतानाचं लावा ना." हेमा लावायची. मैत्री नाक पडद्याला लावून बघायची आणि म्हणायची, "किती घाईत आहे." तान्ह्या मुलांचं हृदय जोरात पळतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं बघूनच ओळखलं होतं.

तो अर्धा सेकंद हेमानं डॉ. मोघ्यांना पाठवला. त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण चिडलेला नव्हता, आणि चिडलेला असता तर बरं झालं असतं.

"यावरून काही कळत नाही हो."

"नाहीच का काही?"

"आत्ताच्या इकोत गळती बरीच दिसते. तुमच्याकडचं गेल्या एका वर्षाचं चित्रण तुलनेला पुरत नाही. ती पहिल्यापासून एवढीच असेल तर मी चारपाच वर्षं थांबले असते. पण गेल्या दोन वर्षांत वाढली असेल तर थांबणं म्हणजे हृदयाचा स्नायू घालवणं. मला माहीत नाही. माहीत नसताना थांबायची हिंमत मी नाही करणार. करून टाकते."

"पण मग नंतर पुन्हा..."

"पुन्हा करावं लागेल. हो. पंधरासोळाची झाली की." त्या म्हणाल्या, "कदाचित गरज असेलच आत्ता. कदाचित नसेल. हे आता आपल्याला कधीच कळणार नाही. तुमच्याकडे नक्की झालं काय?"

"मी दिवा बघितला नाही," हेमा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे बघितला होता."

डॉक्टरबाईंना ते समजलं नाही आणि विचारायला त्यांना वेळही नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हेमा डॉ. मोघ्यांच्या हॉस्पिटलात गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. माफी मागायला म्हणावं तर माफीनं झडप वाढत नाही. पण कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ज्यांना सांगितलं त्यांनी 'तांत्रिक बिघाड' असं म्हणून ते झाकून टाकलं होतं.

नंदा वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर डबा, डब्यावर दुमडलेली पिशवी. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. हेमाला बघून ती सरकली आणि बाकावर जागा केली.

"आल्या का मॅडम? बसा जी. मैत्रीचे बाबा खाली गेले गोळ्या आणाले."

"कशी आहे ती?"

"ठीक हाय. टीव्ही पाहते. उपाशी राहा म्हटलं उद्या सकाळी, तर त्याचाच राग आला तिले." नंदा हसली. मग हसू गेलं. "ते व्हिडिओ नाहीच मिळाले नं?"

"नाही."

"मशीन जुनी झाली असन. आमच्या कारखान्यातली बी अशीच गेली मागं."

हाच क्षण होता. नुसतं हो म्हटलं असतं तर संपलं असतं. नंदानं उत्तर स्वतःच हातात आणून ठेवलं होतं.

"मशीन जुनं नव्हतं," हेमा म्हणाली. आणि तिनं सांगितलं. खंडेनवमी, पूर्णिमाचं बोट, मनगट, खाजगीवाल्यांची गंमत. मग दार ओढून घेतलेली खोली आणि हातातलं फडकं. तिसऱ्या ठिपक्याची न दिसणारी लुकलुक. तिनं काही वगळलं नाही. आमोदचा दहावाही सांगितला, सासूबाईंचा ओला पदरही, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळत नव्हतं. आणि सांगताना तिला स्वतःचाच संताप आला, की आपण हे कारण सांगतोय की दया मागतोय.

नंदा ऐकत होती. एकदाही मान हलवली नाही. सांगून झालं तेव्हा ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीवर हात धुण्याच्या सूचना होत्या.

"कितीक वेळ लागला असता पुसाले?" तिनं विचारलं.

"दोन मिनिटं."

"हं."

एक वॉर्डबॉय रिकामी व्हीलचेअर ढकलत गेला. तिचं एक चाक करकरत होतं.

"माह्या सासऱ्याले जाऊन आठ वर्षं झाली," नंदा म्हणाली. "सासूचं कुंकू कोणी पुसलं, माहीत आहे? म्या. मोठी सून म्हणून माह्या हातात कपडा दिला. तिनं मान खाली घातली होती, म्या हनुवटी धरून वर केली." तिनं डब्यावरची पिशवी पुन्हा दुमडली. "मले बी नाही म्हणता आलं नाही. म्हणून तुम्ही म्हणता ते समजते मले. त्या खोलीत म्या असती, तर म्या बी नसतं पुसलं कदाचित. सणाचं हाय म्हणून भ्याली असती."

हेमाला वाटलं, आता ही आपला हात हातात घेईल. क्षणभर तसं वाटलं खरं, आणि त्याची तिला नंतर लाज वाटली.

"पण त्या खोलीत म्या नव्हती, मॅडम," नंदा म्हणाली. आवाज चढला नाही. "तुम्ही होत्या. माह्या पोरीचं काळीज तुमच्यापाशी ठेवलं होतं म्या. पूर्णिमाबाईपाशी नाही, साहेबापाशी नाही. त्यांचं नाव बी मले माहीत नव्हतं आतापावतो."

 

"तिची छाती दोनदा उघडतीन आता," नंदा म्हणाली. "एकदा उद्या. एकदा मोठी झाल्यावर, लग्नाच्या वयाले टेकली की. लागणारच होतं का नाही, ते मले कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाईले विचारलं, थे बी म्हणते माहीत नाही. हे असं माहीत नसणं किती दिवस पुरते, सांगा बरं."

वॉर्डचं दार उघडून नर्स बाहेर आली. "मैत्रीचे पालक कोण? सह्या करायच्या आहेत."

नंदा उठली. डबा बाकावर ठेवला, पदर नीट केला. दोन पावलं गेली आणि वळली.

"पोरीले सांगू नका हे. तिच्या काळजाले काय झालं ते तिले माहीत हाय, तेवढं बस. तिले तुम्ही आवडता."

"मी सांगणार नाही."

"आज भेटू बी नका. म्या सांगीन तवा या." आणि मग, जाता जाता, जसं काही कामाचंच बोलावं तसं ती म्हणाली, "यावं वाटलं तर या. नाही तर राहू द्या."

ती आत गेली. दाराला गोल काच होती. तिच्यातून पलंगाचा कोपरा आणि टीव्हीचा हलता उजेड दिसत होता, मुलगी दिसत नव्हती. हेमा त्या काचेपासून लांबच उभी राहिली, कारण जवळ गेली असती तर मुलीनं तिला बघितलं असतं. खालून नंदाचा नवरा गोळ्यांची पिशवी घेऊन जिना चढत येत होता. त्यानं तिला ओळखलं, नमस्कार केला आणि विचारलं, "मॅडम, चहा घेतला का?"

"घेतला," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली.